मार थांबल्यावरचं दुखणं

"झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं ठणकतं, हातापायाला मुंग्या येतात." सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बाईने एवढं सांगितलं की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. बीपी बघतात, रक्त तपासायला पाठवतात, हिमोग्लोबिन कमी निघतं, लोहाच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी हातात पडते. नवरा शेजारीच उभा असतो. केसपेपर त्याच्याच हातात असतो आणि डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांना उत्तरंही तोच देतो. घरात काय चालतं, हे कुणी विचारत नाही. आणि त्याच्या देखत विचारलं, तर ती सांगणार तरी काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी साधारण चौघींमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्क्यांनी, आणि त्यांतल्याही बहुतेकींनी माहेरी. डॉक्टरांपर्यंत हिंसा म्हणून हिंसा फारशी पोचतच नाही. पोचतात त्या मुंग्या आणि धडधड.

यातून बाहेर पडलेल्या, किंवा पडू पाहणाऱ्या, बाईने मनावरच्या उपचाराचा शोध सुरू केला की तिच्यापुढे नावांची गर्दी उभी राहते. समुपदेशन, सीबीटी, ईएमडीआर, गोळ्या, ध्यान, संमोहन, शिवाय शेजारणीने सांगितलेला देवऋषी. यातलं काय चांगलं, हा प्रश्न मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न वेगळाच आहे. त्याच्याकडे येण्याआधी आजार नेमका काय, ते पाहू.

गल्लीत मोटारसायकल थांबल्याचा आवाज येतो आणि स्वयंपाकघरातल्या बाईचा हात थरथरायला लागतो. नवरा दोन वर्षांपूर्वी सुटलेला आहे, घर दुसऱ्या गावात आहे, गाडी शेजाऱ्याची आहे, हे सगळं तिला ठाऊक असतं. पण ते आठवेपर्यंत शरीराने आपलं काम उरकलेलं असतं: श्वास वर, पोटात गोळा, पोराला ओढून जवळ घेतलेलं. पीटीएसडी म्हणजे आघातानंतरचा तणावविकार. त्याच्या गाभ्यात हेच आहे. घडून गेलेली गोष्ट 'घडून गेलेली' म्हणून मनात जमा होत नाही, ती आत्ता घडते आहे अशीच परतते. मग त्या आठवणीच्या वाटेला जायचं नाही म्हणून माणूस रस्ते बदलतो, नातेवाइकांची लग्नं टाळतो, विशिष्ट रंगाची साडी कपाटाच्या तळाशी ढकलतो. आणि चोवीस तास कान टवकारलेले राहतात.

या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली जागा मिळाली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा त्यात मोठा वाटा होता. सैनिक घरी परततो, आघात मागे राहतो. बाईचा आघात घरातच असतो, वर्षानुवर्षं चालतो, आणि तो करणाऱ्यालाच चहा करून द्यायचा असतो. हार्वर्डच्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये ठामपणे मांडलं की अशा लांबलेल्या, सुटका नसलेल्या छळाचा परिणाम वेगळा असतो आणि त्याला वेगळं नाव हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' हे निदान स्वतंत्रपणे आलं आणि ते वर्गीकरण लागू झालं १ जानेवारी २०२२ रोजी. म्हणजे नाव मिळायला तीस वर्षं लागली. यात पीटीएसडीच्या लक्षणांवर आणखी तीन गोष्टींची भर असते. भावना आवरत नाहीत किंवा पार गोठून जातात. 'आपण कुचकामी, आपणच घाण' अशी स्वतःबद्दलची खोल लाज बसते. आणि कुणाशी जवळीक जमत नाही, अगदी सख्ख्या बहिणीशीही.

हिंसा सोसलेल्या प्रत्येकीला पीटीएसडी होतोच असं मात्र नाही. पुष्कळ जणी सुरक्षित जागा, हातात चार पैसे आणि विश्वासाची दोन माणसं मिळाली की हळूहळू सावरतात. काहींचं मुख्य दुखणं नैराश्याचं असतं. म्हणून निदान नीट व्हायला हवं. त्यासाठी पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ८०, आणि साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गेलं की नीट तपासणी करावी असं मानतात. निदान प्रश्नावलीवर होत नाही, पण उपचाराआधी आणि मधूनमधून ती भरून घेणारा तज्ज्ञ भेटला, तर तो काम मोजूनमापून करतो एवढं कळतं.

एक गोष्ट मात्र मनाचे तज्ज्ञ हमखास विसरतात, ती म्हणजे डोक्याला लागलेला मार. भिंतीवर आपटलेलं डोकं, कानशिलावरचे फटके, गळा दाबणं. विसरभोळेपणा, चक्कर, उजेड सहन न होणं, शब्द न आठवणं ही मेंदूच्या दुखापतीचीही लक्षणं आहेत आणि ती सरसकट 'टेन्शन'च्या खात्यात जमा होतात. गळा दाबल्यावर बाहेरून एक ओरखडाही दिसत नाही अशी उदाहरणं भरपूर आहेत. तरी मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन काही दिवसांनीसुद्धा पक्षाघात येऊ शकतो. गळा दाबला गेला असेल, आवाज घोगरा झाला असेल, गिळताना दुखत असेल, तर समुपदेशनाची वेळ ठरवण्याआधी रुग्णालय गाठायचं. हे मी इथेच सांगून टाकतो, कारण हिंसेनंतरच्या उपचारांवरच्या लेखांत ते क्वचित सापडतं.

आता पहिला प्रश्न. हिंसा थांबली आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेबद्दल डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आठवणींवर थेट काम करणाऱ्या उपचारांची, म्हणजे सीबीटी (विचार आणि वागणुकीवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआरची (हिच्याबद्दल पुढे), शिफारस केली आहे ती ज्यांच्यावरची हिंसा थांबली आहे आणि तरीही पीटीएसडी आहे अशा बायकांसाठी. या अटीमागे साधा विचार आहे. आघातावरचे उपचार मेंदूला शिकवतात की धोका टळला, आता पहारा उतरव. पण नवरा रात्री नऊला खरोखरच पिऊन येणार असेल, तर मोटारसायकलच्या आवाजाने दचकणं हा आजार कसा? ते दचकणंच तिला आणि पोरांना मागच्या दाराने बाहेर काढतं. पहारा असा वेळेआधी उतरवणं धोक्याचं.

म्हणून हिंसा चालू असताना 'योग्य मानसोपचार' म्हणजे आधी सुरक्षिततेची आखणी. कागदपत्रं कुठे ठेवायची, कुणाला फोन करायचा, पोरांना काय शिकवून ठेवायचं, मारहाण सुरू झाली तर घरातल्या कुठल्या खोलीत थांबायचं नाही (स्वयंपाकघरात नाही, तिथे सुऱ्या असतात). याच्या जोडीला धीर, माहिती, झोप-जेवणाची घडी, नैराश्य फार असेल तर औषध. याला उपचार म्हणायला काही जणांना जड जातं. माझ्या मते हाच त्या टप्प्यावरचा सगळ्यात नेमका उपचार आहे.

आपल्याकडे याचं सर्वांत चांगलं उदाहरण मुंबईचं आहे. बांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' या संस्थेने महापालिकेच्या बरोबरीने २०००-०१ मध्ये 'दिलासा' हे केंद्र सुरू केलं. कल्पना साधी: मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जाईल की नाही सांगता येत नाही, पण रुग्णालयात ती येतेच, पडले म्हणून, भाजलं म्हणून, गोळ्या घेतल्या म्हणून. तेव्हा ओपीडीतल्या परिचारिकेने आणि डॉक्टरने खुणा ओळखायच्या आणि तिला त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खोलीत पाठवायचं. नवऱ्याला वाटतं, एक्स-रेला गेली असेल. पुढे असे विभाग आणखी रुग्णालयांत निघाले. राज्यात इतरत्र २०१५ पासूनच्या केंद्राच्या योजनेतली 'सखी' वन स्टॉप केंद्रं आहेत, तिथे पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवाराही मिळतो. कामाचा दर्जा मात्र जिल्ह्याजिल्ह्यागणिक, खरं तर माणसागणिक, बदलतो.

'थांबली आहे का' याचं उत्तर हो किंवा नाही इतकं सरळ नसतं, हेही खरं. घर सोडलं की हिंसा थांबते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सोडून जाण्याच्या आसपासचा काळच सर्वाधिक धोक्याचा असतो. त्यानंतरही दर महिन्याला कौटुंबिक न्यायालयाची तारीख असते आणि कॉरिडॉरमध्ये तो समोरच्या बाकावर बसलेला असतो. रविवारी मुलाला भेटायला येतो आणि मुलाच्या तोंडून निरोप पाठवतो. पोटगी थकवतो. रात्री दोनला व्हॉट्सअॅपवर लग्नातले फोटो टाकतो. मार थांबला, धाक थांबला नाही. मग अशा बायकांनी सगळं शांत होईपर्यंत, म्हणजे कोर्टाचा निकाल लागेपर्यंत, उपचाराविना थांबायचं का? तसं मुळीच नाही. अमेरिकेत डॉन जॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने खास निवारागृहातल्या बायकांसाठी 'होप' नावाची पद्धत तयार केली. तिच्यात आठवणी उकरण्याऐवजी सध्याची सुरक्षितता, झोप, राग, निर्णय यांवर भर असतो. हवाईत एडवर्ड क्युबानी यांनी नात्यातून बाहेर पडलेल्या बायकांसाठी जी पद्धत बसवली, तिच्यात नको असलेल्या माजी नवऱ्याशी गाठ पडल्यावर काय बोलायचं, काय नाही, याचा सराव उपचाराचाच भाग आहे. २००४ मध्ये १२५ बायकांवर झालेल्या तिच्या अभ्यासात पीटीएसडी आणि अपराधीपणा दोन्ही ठळकपणे उतरले. दर महिन्याची तारीख ज्यांच्या पाचवीला पुजलेली आहे, त्यांच्या कामाचं यात बरंच आहे.

याची दुसरी बाजूही आहे. 'अजून तुमची तयारी झालेली नाही' म्हणत वर्ष-वर्ष नुसते श्वासाचे व्यायाम करून घेणारेही भेटतात. गुंतागुंतीच्या आघातात लांबलचक तयारी खरंच लागते का, यावर संशोधकांमध्ये वाद आहे, आणि ती लागतेच असं न मानणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. बाई सुरक्षित आहे, तिचीच इच्छा आहे, तर मूळ दुखण्याला हात घालायला उगाच उशीर करू नये.

समेटाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे हिंसेची तक्रार घेऊन बाई गेली की तिला 'समुपदेशना'ला पाठवतात, आणि त्यात बहुतेकदा दोघांना समोरासमोर बसवून मिटवामिटवी होते. त्याने हात जोडायचे, तिने उलट बोलणार नाही असं म्हणायचं, आणि तिला नांदायला पाठवायचं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या (२००५) चौदाव्या कलमानुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, एकेकट्याला किंवा दोघांना मिळून. मुंबईत पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेल्या विशेष कक्षासारखी ठिकाणं हे काम बाईच्या बाजूने उभं राहून करतात. सगळीकडे तसं होत नाही. पण चांगलं झालं तरी तो लग्नावरचा इलाज झाला. बाईच्या झोपेवर, दचकण्यावर, 'मीच घाण' या भावनेवर त्याने काही होत नाही. उलट ज्याने मारलं त्याच्यासमोर तिने मन मोकळं करावं अशी अपेक्षा ठेवली, तर एकतर ती खोटं बोलेल किंवा खरं बोलल्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. हिंसा चालू असताना जोडप्याची एकत्र थेरपी नको, असंच या क्षेत्रातले बहुतेक जाणकार सांगतात. एखादा तज्ज्ञ पहिल्याच फोनवर 'मिस्टरांनाही घेऊन या' म्हणाला, तर मी तरी दुसरा तज्ज्ञ शोधायला सांगेन.

हिंसा थांबली आहे, पाय थोडे टेकले आहेत, आता आठवणींना भिडायचं आहे. यासाठी चांगला पुरावा असलेल्या पद्धती तीन-चारच आहेत. एडना फोआ यांच्या पद्धतीत, साधारण आठ ते पंधरा सत्रांत, टाळलेल्या आठवणीकडे आणि टाळलेल्या जागांकडे पुनःपुन्हा, पायरीपायरीने जायचं असतं, जोवर त्यांची धार बोथट होते. ईएमडीआर ही फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ च्या सुमारास काढलेली पद्धत. आठवण मनात धरून डोळे तज्ज्ञाच्या बोटामागे डावीकडे-उजवीकडे हलवायचे. डोळ्यांच्या हालचालींचं नेमकं काम काय यावर अजून खल चालतो, पण गुण येतो याला पुरावा चांगला आहे, आणि सगळं तपशीलवार तोंडाने सांगावं लागत नाही हा तिचा मोठा फायदा. ज्यांना 'ते' उच्चारताच येत नाही त्यांच्यासाठी ती सोयीची.

तिसरी पद्धत पॅट्रिशिया रेसिक यांची, इंग्रजी आद्याक्षरांवरून सीपीटी म्हणतात ती. मूळ बलात्कार सोसलेल्या बायकांसाठी तयार झाली, साधारण बारा सत्रांची. घरातल्या हिंसेत जखमेपेक्षा दोष जास्त ठसठसतो, म्हणून ती इथे विशेष लागू पडते असं मला वाटतं. ती चालते कशी, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, बाईने वहीत लिहिलं आहे: 'मी उलट बोलले नसते तर त्या रात्री त्याने मारलं नसतं.' तिथे तज्ज्ञ 'छे, तुमची काही चूक नाही' असं म्हणत नाही. ते तिला मैत्रिणीने, बहिणीने शंभरदा सांगितलेलं असतं आणि त्याचा उपयोग झालेला नसतो. तज्ज्ञ प्रश्न विचारते. तुम्ही गप्प राहिलात अशा रात्री होत्या का? त्या रात्री काय झालं? 'तेव्हाही मारलं. म्हणाला, तोंड का फुगवलंस.' बरं, त्याचे साहेब त्याला वाटेल ते बोलतात म्हणता. तो त्यांच्यावर हात उचलतो का? 'नाही.' म्हणजे राग आवरता येतो. बाई थोडी थांबते. वहीच्या दुसऱ्या रकान्यात सावकाश लिहिते.

मग दुसरं वाक्य येतं, ते जास्त चिवट असतं: 'पहिल्याच वर्षी निघायला हवं होतं.' त्या वर्षी निघाला नाहीत, त्याची कारणं लिहा, तज्ज्ञ सांगते. सहा महिन्यांचं मूल अंगावर. नोकरी लग्नात सुटलेली. धाकट्या बहिणीचं ठरायचं होतं. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली. आणि दर वेळी मारल्यावर तो रडायचा, आणि तिला ते खरं वाटायचं. तेव्हा तुम्हाला जे ठाऊक होतं त्यावर तुम्ही ठरवलंत, की आज जे ठाऊक आहे त्यावर? आजचं शहाणपण तेव्हाच्या बाईच्या डोक्यात कोंबून तिला दोषी धरायचं, हा खेळ जवळजवळ प्रत्येकीचं मन खेळतं. कागदावर कारणांची ती यादी दिसली की तो खेळ उघडा पडतो. हे एका बैठकीत होत नाही. दर आठवड्याला गृहपाठ असतो, आणि ती वही घरी ठेवायची की तज्ज्ञाकडे, हे आधी ठरवावं लागतं.

या उपचारांत पहिले काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. तज्ज्ञाने हे आधी सांगायला हवं. न सांगितल्याने कितीतरी जणी तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर येणं थांबवतात. आणि सहा-आठ सत्रांनंतरही झोप, दचकणं, टाळणं यांत काहीच फरक नसेल, तर 'माझ्यातच काहीतरी' असं समजू नये. पद्धत बदलावी किंवा माणूस.

औषधांचं थोडक्यात. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटीन यांसारखी नैराश्यावरची औषधं पीटीएसडीवरही चालतात. असर दिसायला काही आठवडे लागतात आणि मनाने बंद करायची नसतात. औषध आणि थेरपी एकत्र घेण्यात काही वावगं नाही, आणि जवळपास थेरपी मिळतच नसेल तर औषध हा चांगला आधार आहे. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात त्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामच्या जातीच्या गोळ्या मात्र पीटीएसडीवर इलाज नाहीत. चार दिवस झोप देतात, सवय लावतात, आणि आठवणीला भिडून शिकण्याचं काम मंदावतात. त्या आधीच चालू असतील तर एकदम सोडू नयेत, डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवाव्यात. आणि घरात अजून धोका असेल, तर रात्री गुंगवून टाकणारी गोळी ही नुसती निरुपयोगी नाही, जिवाशी खेळ आहे.

'सकारात्मक विचार करा', 'त्याला माफ करून टाका, मन हलकं होईल' हे सल्ले देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण डोळे मिटून ध्यानाला बसल्यावर काही जणींना नेमकी ती रात्रच दिसू लागते. तसं झालं तर उघड्या डोळ्यांनी, पाय जमिनीला टेकवून, समोरच्या पाच वस्तू मोजण्यासारखे साधे व्यायाम बरे. माफीचं तिचं ती बघेल.

माणूस कसा शोधायचा? औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, एमडी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, थेरपी करतात; त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही उद्धटपणा नाही. 'समुपदेशक' मात्र आपल्याकडे पदव्युत्तर शिक्षण घेतलेलाही असतो आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलाही. पहिल्या भेटीत, किंवा फोनवरच, थोडं विचारून घ्यावं: घरगुती हिंसा सोसलेल्या बायकांबरोबर काम केलं आहे का? आघातासाठी कोणती पद्धत वापरता, ती कुठे शिकलात? माझ्या घरच्यांनी फोन केला तर काय सांगाल? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून निम्मी पारख होते. आणि त्या तज्ज्ञानेही उलट विचारायला हवं: तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का, या नंबरवर मेसेज केला तर चालेल का, फोन दुसरं कुणी बघतं का? हे ज्याने विचारलं नाही त्याला हिंसेचं काम माहीत नाही असं खुशाल समजावं.

शहरात खासगी सत्राचे हजार-दीड हजार रुपये आणि पुढे कितीही. सरकारी बाजूला जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे, पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था आहे. तिथे गर्दी असते, डॉक्टरला वेळ कमी, पण निदान आणि औषध मिळतं. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. हिंसा चालू असेल तर १८१, जिवावर बेतलं तर ११२. कॉल झाल्यावर फोनमधली नोंद पुसायला विसरू नये.

गावात थेरपिस्ट नाही म्हणून सगळं अडतं असंही नाही. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने सामान्य शिक्षण झालेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन तीव्र नैराश्यावर सहा ते आठ बैठकांचा एक कार्यक्रम तयार केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तो तपासला, आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले. नैराश्य तर कमी झालंच, पण हा कार्यक्रम मिळालेल्या बायकांनी सांगितलेली जोडीदाराची मारहाणही कमी होती. हा पीटीएसडीचा उपचार नव्हे. तरी आशाताई किंवा परिचारिकेसारख्या माणसाने नीट शिकून, नियमाने, खासगीत केलेलं काम किती लांब पोचतं ते यातून दिसतं.

एवढं सगळं असूनही पुष्कळ जणी मनोविकारतज्ज्ञाच्या दाराशी जाऊन परततात, त्याचं कारण कोर्ट. 'वेडी आहे, औषधं चालू आहेत, पोर हिच्याकडे कसं ठेवायचं' असं वकील म्हणेल ही भीती खोटी नाही, असं म्हणतातही. म्हणून कायदा काय म्हणतो ते माहीत असावं. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं (२०१७) कलम ३ स्पष्ट सांगतं की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून, सक्षम न्यायालयाने तसं ठरवल्याशिवाय, माणूस अस्थिर मनाचा धरता येत नाही. घटस्फोटासाठीही नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं आहे. उलट कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २२ नुसार मानसिक छळाची आणि भावनिक त्रासाची भरपाई मागता येते, आणि तिथे उपचाराचे कागद बाईच्या बाजूने बोलतात. त्यासाठी डॉक्टरने केसपेपरवर 'निद्रानाश' एवढंच न लिहिता तिने सांगितलेलं कारणही लिहावं, असा आग्रह धरावा. आपल्या नोंदींची प्रत मिळवण्याचा हक्क याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २५ ने दिला आहे. ती प्रत सासरच्या कपाटात ठेवू नये.

आणि एक तरतूद, जी मला भेटलेल्या बहुतेक वकिलांनाही ठाऊक नसते. मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाचा 'नामनिर्देशित प्रतिनिधी' असतो. निर्णय घ्यायला मदत करतो, माहिती मिळवतो. कुणाचंच नाव दिलेलं नसेल तर तो मान आपसूक नातेवाइकाकडे जातो, आणि लग्न मोडलेलं नसेल तर दवाखान्याच्या लेखी जवळचा नातेवाईक म्हणजे नवरा. कलम १४ प्रमाणे हे टाळायला वकील लागत नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर बहिणीचं, आईचं, मैत्रिणीचं, कुठल्याही सज्ञान विश्वासू माणसाचं नाव लिहून सही करायची, सही येत नसेल तर अंगठा. नाव नंतर केव्हाही बदलता येतं. हा कागद पहिल्या भेटीतच केसपेपरला जोडायला सांगावा.